क्रूझ डायरेक्टर आणि जहाजावरचे मनोरंजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी क्रूझ, तसेच सिंगापूरहून निघणारी तीन-चार दिवसांची सागरी सफर आता अनेक मराठी कुटुंबांच्या सहलींच्या बेतात असते. जहाजावर पाऊल ठेवल्यापासून कानावर पडणारा आवाज, हातात येणारी कार्यक्रमपत्रिका आणि रात्रीचा रंगमंच या सगळ्यांमागे क्रूझ डायरेक्टर नावाचा एक अधिकारी असतो. त्याच्या कामाबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

क्रूझ डायरेक्टर म्हणजे नेमके कोण? त्यांचा कॅप्टनशी काय संबंध असतो?

प्रवासी जहाजावर कॅप्टनच्या हाताखाली साधारणपणे डेक, इंजिन आणि हॉटेल असे तीन मोठे विभाग असतात. क्रूझ डायरेक्टर हॉटेल विभागात मोडतात आणि बहुतेक कंपन्यांत हॉटेल डायरेक्टरला उत्तरदायी असतात. त्यांच्या अखत्यारीत साहाय्यक क्रूझ डायरेक्टर, खेळ आणि उपक्रम घेणारा क्रूझ स्टाफ, गायक-नर्तकांचा संच, वादक, डीजे, ध्वनी आणि प्रकाशयोजनेचे तंत्रज्ञ आणि मुलांचा विभाग येतो.

रंगमंचावरचे मोठे प्रयोग क्रूझ डायरेक्टर स्वतः बसवतात, असा अनेकांचा समज असतो. मोठ्या कंपन्यांत तसे नसते. प्रयोगाची संहिता, गाणी, नृत्यरचना आणि वेशभूषा किनाऱ्यावरच्या कार्यालयात ठरतात, तालमीही बहुधा किनाऱ्यावरच्या तालीमगृहात होतात, आणि तयार संच जहाजावर येतो. मग डायरेक्टरच्या हाती काय उरते? कोणती गोष्ट केव्हा, कुठे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या सुरात होईल, हे ठरवणे. लग्नघरात मांडवाची जबाबदारी घेतलेल्या कर्त्या माणसाने स्वयंपाक केलेला नसतो आणि मंत्रही म्हटलेले नसतात, पण कार्य नीट पार पडले की नाही हे त्याच्यावरच अवलंबून असते. हे कामही त्याच जातीचे आहे.

जहाजाला असा स्वतंत्र अधिकारी का लागू लागला?

कोकणच्या किनाऱ्याने बोटीतून प्रवास केलेल्या आपल्याकडच्या पिढीला जहाज हे गाव गाठण्याचे साधन म्हणून ठाऊक होते. अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या जहाजांचेही मुख्य काम तेच होते. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत या जहाजांचे प्रवासी झपाट्याने घटले. जहाजे तर होतीच; त्यांना नवा उपयोग हवा होता. डिसेंबर १९६६ मध्ये 'सनवर्ड' हे जहाज मायामीहून बहामाच्या छोट्या सफरींसाठी नियमित निघू लागले, आणि १९७२ मध्ये कार्निव्हल कंपनीने 'एम्प्रेस ऑफ कॅनडा' हे जुने अटलांटिक जहाज विकत घेऊन 'मार्डी ग्रा' या नावाने मायामीहून सोडले. त्या पहिल्याच सफरीत ते बंदराबाहेर वाळूत रुतले होते. पुढे याच कंपनीने आपल्या जहाजांची जाहिरात 'फन शिप' म्हणून केली. प्रवासी कुठे पोहोचतो यापेक्षा जहाजावरचे दिवस कसे जातात याला मोल आले, आणि ते दिवस घडवणारा माणूस महत्त्वाचा ठरला.

२०२४ मध्ये सेवेत आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजाची कमाल प्रवासी क्षमता सुमारे ७,६०० आहे. एवढी माणसे एकाच छताखाली आठवडाभर असतील, तर त्यांच्या वेळेचे नियोजन हे स्वतंत्र शास्त्रच होऊन बसते.

रोजची कार्यक्रमपत्रिका कशी ठरते?

क्रूझ डायरेक्टरची खरी कलाकृती ही पत्रिकाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवाशाला ती केबिनमध्ये किंवा मोबाइलच्या अॅपवर मिळते आणि तो तिच्यावर दोन मिनिटे नजर फिरवतो. पण तिच्यातली प्रत्येक ओळ दुसऱ्या चार ओळींशी बांधलेली असते.

पहिला आधार म्हणजे जेवणाच्या पंगती. ठरावीक वेळी जेवण देणाऱ्या जहाजांवर संध्याकाळी सहाच्या सुमारास पहिली आणि सव्वाआठच्या सुमारास दुसरी पंगत बसते. थिएटरमध्ये सगळे प्रवासी एकाच वेळी मावत नाहीत, म्हणून मुख्य प्रयोग दोनदा होतो: दुसऱ्या पंगतीचे लोक जेवणाआधी पाहतात आणि पहिल्या पंगतीचे जेवणानंतर. आता सातचा प्रयोग दहा मिनिटे लांबला, तर शेकडो माणसे उशिरा भोजनकक्षात पोहोचतात, स्वयंपाकघराचे वेळापत्रक कोलमडते, आणि पंगत उशिरा उठल्यामुळे रात्रीच्या नृत्याच्या कार्यक्रमाला सुरुवातीला रिकाम्या खुर्च्या दिसतात. म्हणूनच रंगमंचावरच्या विनोदी कलाकाराला टाळ्या मिळत असतानाही वेळ संपल्याची खूण केली जाते, आणि अनुभवी कलाकार ती निमूटपणे पाळतात.

दुसरा आधार म्हणजे जहाजाचे ठिकाण. बहुतेक जहाजांवरचा कॅसिनो आणि करमुक्त दुकाने बंदरात असताना बंद ठेवावी लागतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांची प्रादेशिक हद्द ओलांडल्यावर ती उघडतात. जहाज बंदर सोडल्यानंतरचे पहिले दोन तास त्यामुळे मोकळे राहतात, आणि ते भरून काढण्यासाठी डेकवर निरोपाचा जल्लोष ठेवला जातो. किनारा मागे पडताना पाहायची हौस सगळ्यांनाच असते, तेव्हा वेळही साधते.

तिसरा आधार म्हणजे माणसांचा थकवा, आणि नवख्या डायरेक्टरची गल्लत बहुधा येथेच होते. जो दिवस पूर्ण समुद्रावर जातो, त्या दिवशी सकाळपासून भरगच्च कार्यक्रम लागतात. बंदराच्या दिवशी दुपारपर्यंत जहाज जवळजवळ रिकामे असते आणि संध्याकाळी परतलेली माणसे उन्हाने व चालण्याने दमलेली असतात. त्या रात्री दीड तासाचा गंभीर प्रयोग ठेवला, तर निम्मे थिएटर पेंगते. अशा रात्री हलकी गाणी, जादूचे प्रयोग किंवा आटोपशीर विनोदी कार्यक्रम चालतो. शेवटच्या रात्री सामान केबिनबाहेर ठेवायचे असल्यामुळे लोकांचे अर्धे लक्ष बॅगांकडे असते. त्यामुळे तेव्हाचा प्रयोग लवकर सुरू होऊन लवकर संपतो.

दोन चांगले कार्यक्रम एकाच वेळी ठेवून प्रवाशांची पंचाईत का केली जाते?

गर्दी वाटली जावी म्हणून. तीन हजार माणसांना एकच आकर्षण दिले, तर तीन हजार माणसे एकाच जिन्याकडे आणि एकाच लिफ्टकडे धावतात. एकाच वेळी थिएटरमध्ये प्रयोग, मधल्या मोठ्या दालनात चार वादकांच्या संचाचे संगीत, वरच्या डेकवर सिनेमा आणि एखाद्या छोट्या कक्षात प्रश्नमंजूषा असली, की जहाज भरलेले असूनही गजबजल्यासारखे वाटत नाही. लोकप्रिय गोष्टी म्हणूनच सफरीत पुन्हा एकदा ठेवल्या जातात, आणि पहिल्या दिवशीच सगळे पदरात पाडून घेण्याची घाई करण्याचे कारण नसते.

ज्याला 'वातावरण' म्हणतात, ते प्रत्यक्षात कशातून घडते?

प्रकाश, आवाजाची पातळी, संगीताची लय आणि माणसांची वागणूक या चार गोष्टींतून. सकाळी डेकवर जे संगीत चालते ते दुपारी चालत नाही. दुपारी दोन ते चार या वेळात अनेकजण आडवे होतात, तेव्हा पोहण्याच्या तलावाजवळचा बँड थांबवून हलके संगीत लावणे हा निर्णय एखाद्या मोठ्या प्रयोगाइतकाच मोलाचा असतो. चांगले डायरेक्टर पत्रिकेत शांतता राखून ठेवतात. ग्रंथालय, मागच्या बाजूचा डेक किंवा एखादा कोपरा जाणीवपूर्वक कार्यक्रमांपासून मोकळा सोडलेला असतो. ध्वनिक्षेपकावरच्या सूचनांचेही तसेच आहे: दर तासाला आवाज ऐकू आला की लोक तो ऐकेनासे होतात. म्हणून बहुतेक कंपन्यांत नेहमीच्या सूचना केबिनच्या आत दिल्या जात नाहीत. तेथे आवाज पोहोचतो तो आणीबाणीतच.

माणसांची वागणूक कशी घडते, हे एका साध्या प्रश्नमंजूषेत दिसते. दुपारी चारची वेळ असते, टेबलांवर कागद आणि छोट्या पेन्सिली ठेवलेल्या असतात. एक वयस्क गृहस्थ एकटेच दाराशी येऊन आत जावे की नाही असा विचार करत उभे राहतात. नवखा कर्मचारी त्यांच्या हातात कागद देऊन पुढे जातो. मुरलेला कर्मचारी त्यांना शेजारच्या टेबलाकडे नेतो, तेथे बसलेल्या चौघांना विचारतो, 'तुमच्या गटात जुन्या गाण्यांचे जाणकार कोणी आहेत का? नसतील तर हे काका घ्या,' आणि खुर्ची ओढून देतो. बक्षीस म्हणून फार तर कंपनीचे नाव असलेली किल्ल्यांची साखळी मिळते. पण एका उत्तरावरून वाद घालण्याइतकी ती माणसे अर्ध्या तासात एकमेकांची होतात. दुसऱ्या दिवशी ती आपणहून एकत्र न्याहारीला बसतात. अशी टेबले सफरभर जुळवणे हे ज्यांना जमते, त्यांच्या जहाजावर आतषबाजी थोडी कमी असली तरी चालते.

कर्मचाऱ्यांची मनःस्थिती हाही वातावरणाचाच भाग आहे. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार जहाजावरच्या कर्मचाऱ्याला २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. सकाळी व्यायामाचा वर्ग घेणाऱ्या मुलीलाच मध्यरात्रीच्या नृत्यासाठी उभे केले, तर नियम मोडतोच, शिवाय तिचे हसू ओढूनताणून आणलेले दिसते. पत्रिका आखताना डायरेक्टरला प्रवाशांइतकाच आपल्या माणसांच्या झोपेचा हिशेब ठेवावा लागतो.

ठरलेले बंदर ऐनवेळी रद्द झाले तर काय होते?

ही या पदाची खरी कसोटी असते. जेथे धक्का नसतो, तेथे प्रवाशांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात, आणि लाटा उंच असतील तर कॅप्टन ते थांबवतात. निर्णय कॅप्टनचा असतो आणि सुरक्षिततेच्या बाबतीत त्यावर कोणाचेही चालत नाही. मात्र त्या क्षणापासून, मन खट्टू झालेल्या हजारो माणसांचा रिकामा दिवस क्रूझ डायरेक्टरच्या हाती येतो.

पहाटे सहाला ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, फोन येतो. कॅप्टन सातला प्रवाशांना सांगणार असतात, म्हणजे डायरेक्टरकडे एक तास असतो. भोजन विभागाला दुपारचे जेवण सगळ्यांसाठी करावे लागेल, हे पहिल्यांदा कळवले जाते, कारण बंदराच्या दिवशी ते कमी माणसांसाठी धरलेले असते. किनारी सहलींच्या कार्यालयाकडे परताव्यासाठी रांग लागणार, म्हणून तेथे दोन माणसे वाढवली जातात. वादकांना सुट्टी होती. त्यांतल्या कोणाच्या विश्रांतीचे तास पुरे झाले आहेत, ते पाहून दोघांना बोलावले जाते. विनोदी कलाकाराला दुपारचा अधिक प्रयोग कराल का, असे विचारले जाते. मुलांच्या विभागाची वेळ वाढते. साडेसहाला नवी पत्रिका छपाईला आणि अॅपवर जाते.

सातला कॅप्टन कारण सांगतात. त्यानंतर डायरेक्टरची सूचना येते, आणि तिच्यात काय नसावे हे काय असावे यापेक्षा महत्त्वाचे आहे. 'काळजी करू नका, खूप मजा करू' असे उत्साही स्वरात म्हटले, तर ज्यांनी त्या एका बेटासाठी वर्षभर पैसे साठवले होते त्यांच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखे होते. आधी हिरमोड झाल्याचे मान्य करावे, परतावा कुठे मिळेल ते सांगावे, आणि मग दिवसाचा नवा बेत थोडक्यात सांगून थांबावे.

समुद्र खवळला की थिएटरचा प्रयोग का बदलतात? जहाज तर फारसे हलत नाही.

बऱ्याच जहाजांत मुख्य थिएटर पुढच्या टोकाकडे असते. जहाजाच्या बाजूंना असलेले स्थिरक पंख डावी-उजवीकडचे डोलणे कमी करतात, पण पुढचे टोक वर-खाली होणे त्यांना फारसे रोखता येत नाही. मध्यावरच्या भोजनकक्षात जे जाणवतही नाही, ते रंगमंचावर उडी मारणाऱ्या नर्तकाला नेमके जाणवते: पाय टेकवायच्या क्षणी जमीन खाली गेलेली असते. म्हणून आधी हवेतल्या कसरती रद्द होतात, मग उंच टाचांचे बूट आणि एकमेकांना उचलण्याच्या हालचाली काढल्या जातात, आणि त्यानेही भागत नसेल तर प्रयोगाऐवजी एखादा गायक किंवा विनोदी कलाकार येतो. प्रवाशांनी यावर नाराज होऊ नये. एका नर्तकाचा घोटा मुरगळला, तर पुढच्या कित्येक सफरींचा संच अपुरा पडतो.

आणीबाणीत क्रूझ डायरेक्टरची जबाबदारी काय असते?

मनोरंजन विभागातल्या प्रत्येक व्यक्तीला आणीबाणीचे काम नेमून दिलेले असते: जमण्याच्या ठिकाणी हजेरी घेणे, जिन्यांवर वाट दाखवणे, जीवरक्षक जाकीट घालायला मदत करणे. आणीबाणीची खूण म्हणजे सात किंवा त्याहून अधिक छोटे भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटले आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा कवायत तोवर झालेली नव्हती, कारण तेव्हाच्या नियमानुसार ती चोवीस तासांत केली तरी चालत होती. जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणे बंधनकारक आहे. कवायतीच्या वेळी फोटो काढत बसू नये, ही विनंती डायरेक्टर कळकळीने करतात, आणि ती ऐकायलाच हवी.

या पदाचे मोल सर्वांत ठळकपणे दिसले ते ऑगस्ट १९९१ मध्ये. 'ओशनोस' हे ग्रीक प्रवासी जहाज दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन या बंदरातून डर्बनकडे जात असताना तिथल्याच किनाऱ्याजवळ वादळात सापडले आणि त्यात पाणी शिरले. कॅप्टन आणि बरेच अधिकारी प्रवाशांच्या आधी जहाज सोडून गेले, आणि त्याबद्दल पुढे त्यांच्यावर कठोर टीका झाली. मागे राहिलेल्या प्रवाशांना सावरले ते क्रूझ डायरेक्टर लॉरेन बेट्स, गिटारवादक मॉस हिल्स आणि त्यांच्या सहकारी कलाकारांनी. त्यांनी दालनात लोकांना एकत्र ठेवले, गाणी म्हटली, ब्रिजवर जाऊन रेडिओवरून मदत मागितली आणि हेलिकॉप्टरने माणसे जहाजावरून बाहेर काढायला हातभार लावला. जहाज बुडाले, पण त्यावरचे सर्व ५७१ जण वाचले. लोकांनी त्या कलाकारांचे ऐकले, कारण आदल्या दिवसांत त्यांच्याशी ओळख झालेली होती, त्यांचा आवाज परिचयाचा होता. पहिल्या दिवसापासून डायरेक्टर सगळीकडे दिसतात आणि बोलतात, त्याचे एक कारण हेही आहे.

भारतीय प्रवाशांसाठी काय बदलावे लागते?

बरेच काही. मुंबईहून चालणारे कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने, मायामी-बहामाच्या तीन-चार रात्रींच्या सफरींसाठीच बांधले गेले होते. २०२१ पासून तेच जहाज गोवा, लक्षद्वीप, कोची अशा छोट्या सफरी करते. जहाज तेच, सफरीची लांबीही साधारण तेवढीच. पण प्रवाशांची घडण वेगळी. पाश्चात्त्य जहाजांवर जोडपी जास्त आणि वयानुसार गट वेगळे. आपल्याकडे आजी-आजोबांपासून पाच वर्षांच्या नातवापर्यंत अख्खे कुटुंब एकत्र बसू पाहते. मुलांना वेगळ्या कक्षात सोडून जाण्याची अनेक पालकांची तयारी नसते. त्यामुळे रात्रीच्या विनोदी कार्यक्रमाची भाषा जपावी लागते, हिंदी गाण्यांवरचा नृत्यप्रयोग सर्वांना चालेल असा हवा, आणि जैन जेवणाची वेळ लक्षात घेऊन संध्याकाळ आखावी लागते, कारण काहीजण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत.

आपले लोक प्रेक्षक म्हणून बसून राहायला फारसे तयार नसतात, हे आणखी एक वैशिष्ट्य. अंताक्षरी, गरबा किंवा गाण्याचा खुला मंच ठेवला की ज्या गृहस्थांनी दिवसभर तोंड उघडलेले नसते ते माइक सोडत नाहीत. माझ्या मते भारतीय सफरींच्या डायरेक्टरांनी हे बळ अधिक वापरावे. मराठी प्रवासी मोठ्या संख्येने असताना एखादी संध्याकाळ भावगीतांची का नसावी?

बिंगो, कॅसिनो, चित्रांचा लिलाव हे कार्यक्रम केवळ पैशांसाठी असतात का?

त्यांतून कंपनीला उत्पन्न मिळते, आणि डायरेक्टरवर त्याचा दबाव असतो. पत्रिकेत विनामूल्य आणि सशुल्क गोष्टी किती प्रमाणात असाव्यात, यावरून त्यांचा कल ओळखता येतो. जेथे प्रत्येक सूचना खरेदीची आठवण करून देते, तेथे लोक तिसऱ्या दिवशी कंटाळतात, आणि ते सफर संपल्यावर भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्रायपत्रकात उमटते.

मराठी तरुण-तरुणींना या क्षेत्रात जाता येईल का?

नक्कीच. गोव्यातील तारवटींची, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे आणि त्यांत वादकही अनेक पिढ्यांपासून आहेत. कोणी थेट क्रूझ डायरेक्टर होत नाही. क्रूझ स्टाफ, मुलांचा विभाग, डीजे, नर्तक किंवा निवेदक म्हणून सुरुवात होते, मग साहाय्यक आणि अनेक करारांनंतर डायरेक्टर. स्पष्ट इंग्रजी आणि हिंदी, माइकची सवय, नावे लक्षात ठेवण्याची हातोटी आणि महिनोन्महिने घरापासून दूर राहण्याची तयारी हवी. एकांकिका स्पर्धा, गणेशोत्सवातले सूत्रसंचालन, शिबिरांतले खेळ हा अनुभव मुलाखतीत उपयोगी पडतो. तो अर्जात जरूर लिहावा.

कागदपत्रांत पासपोर्ट, नौवहन महासंचालनालयाकडून मिळणारे सीडीसी (जहाजावरच्या नोकरीचे नोंदणीपुस्तक), मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि वैद्यकीय तपासणी लागते. अमेरिकेच्या बंदरांतून निघणाऱ्या जहाजासाठी सी१/डी हा जहाज कर्मचाऱ्यांचा व्हिसा लागतो. नोकरी देणाऱ्या एजंटकडे महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे जहाजांसाठी कर्मचारी भरती करण्याचा परवाना आहे का, हे आधी तपासावे. सागरी कामगार करारानुसार नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही आणि व्हिसाचा खर्चही जहाजमालकाने करायचा असतो; पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च मात्र उमेदवाराला करावा लागू शकतो. 'जागा पक्की करतो' म्हणून कोणी रक्कम मागितली, तर पैसे न देता महासंचालनालयाकडे तक्रार करावी.